भिंतींमधलं वर्तुळ

तिने पडद्यावरच्या नकाशात तळमजल्याची शेवटची भिंत निवडली, तिच्यात दगडाची खूण भरली आणि माऊसवरून हात उचलला.

सकाळपासून हेच चाललं होतं. मुलांच्या इस्पितळाचे नकाशे आजवर ज्याला जसं सुचेल तसे काढले गेले होते. विभागागणिक फाइल वेगळी, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. विटेच्या भिंतीत कुणी तिरप्या रेघा भरलेल्या, कुणी उभ्या, कुणी इतक्या दाट की भिंत काळीच दिसावी. स्ट्रेचर झटपट नेता यावं म्हणून आरपार नवा पॅसेज काढण्याआधी सगळ्या फाइली जोडून भिंतींच्या खुणा एकसारख्या करायच्या होत्या. विटेला तिरप्या रेघा, काँक्रीटला ठिपके, दगडाला जाळी. मोजणीवाल्यांनी भिंतीभिंतीत बारीक भोक पाडून आत काय आहे ते कळवलं होतं. ती भरत गेली होती, कोन तोच, अंतर तेच.

आता तिने पूर्ण मजला पडद्यावर बसवला आणि बघतच राहिली.

जाळीचा एक तुकडा प्रयोगशाळेत होता, दुसरा औषधांच्या खोलीत, एक लिफ्टच्या पाठीमागे, एक थेट वॉर्डात. सुटे होते तेव्हा त्या जरा वाकड्या भिंती, एवढंच. एकत्र आल्यावर त्यांचं वर्तुळ झालं होतं. तिने बाकीच्या खुणा बंद केल्या. रिकाम्या पडद्यावर ते एकटंच उरलं, मधे कुठे कुठे तुटलेलं.

“साहेब, जरा येता?”

आर्किटेक्ट साहेब चष्मा कपाळावर ढकलत आले. काहीतरी चुकलंय असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, मग खुर्ची ओढून बसले.

“कितीदा गेलोय मी त्या इमारतीत,” ते म्हणाले. “आपला पॅसेज कुठून जातो?”

तिने रेघ दाखवली. त्या रेघेने वर्तुळ दोन ठिकाणी फुटत होतं.

“लॅपटॉप घे. जाऊन बघू.”

वॉर्डात तिची थोरली बहीण भेटली. ताई इथली मुख्य नर्स. नोकरी लागली तीच या वॉर्डात.

“वर्तुळ कसलं डोंबलाचं?” ताई म्हणाली. “इथे एक कपाट धड भिंतीला टेकत नाही...” आणि ती मधेच थांबली.

“म्हणूनच टेकत नाही, ताई.”

ताईने कपाटामागे हात घालून तळवा भिंतीवर ठेवला आणि तसाच सरकवत चालू लागली. ती दोघं मागून निघाली. प्रयोगशाळेत कुणीतरी खुर्ची बाजूला घेतली. औषधांच्या खोलीत खोकी हलवावी लागली. लिफ्टच्या मागे भिंतीवर फरशा होत्या, पण गोलाई हाताला लागत होती. ताईची चाल हळू होत गेली. वॉर्डाच्या दुसऱ्या दाराने ती पुन्हा कपाटापाशी पोहोचली, तेव्हा तिचे डोळे भरले होते.

“रोज याच्या आतबाहेर करतेय मी,” ती म्हणाली. “कुणी बांधलं असेल गं?”

“कोण जाणे.”

साहेबांनी घसा साफ केला. “हे फोडायला माझा हात धजणार नाही. पॅसेज बाहेरून वळवू.”

“वळवाल हो,” ताई म्हणाली. “पण पोराचा श्वास अडकलेला असतो तेव्हा एवढा फेरा घेऊन मी स्ट्रेचर पळवू?”

एका खाटेवरचं मूल झोपेत कुशीवर वळलं.

धाकटीने लॅपटॉप खिडकीत ठेवून उघडला. बंद केलेल्या खुणा पुन्हा चालू केल्या आणि वर्तुळावरून नजर फिरवत नेली. जाळी, जाळी, जाळी. मग एका जागी तिरप्या रेघा. पुन्हा जाळी. आणि बरोबर समोर परत तिरप्या रेघा.

“साहेब, इथे दगड नाहीये. वीट आहे. समोरासमोर.”

साहेब वाकले. “दारं,” ते पुटपुटले. “मागाहून बुजवलेली.”

त्यांचा पॅसेज तिथून जेमतेम हातभर बाजूला होता.

ताई तोवर वॉर्डातल्या त्या विटेच्या भागापाशी गेलीही होती. तिने बोटाच्या पेरांनी गिलाव्यावर टकटक करत एक कड शोधली, मग दुसरी. दोन्ही कडांना हात पोहोचवायला तिला बाहू पुरते पसरावे लागले, तरी थोडं अंतर उरलंच.

“स्ट्रेचर मावेल?” साहेबांनी विचारलं.

“दोन मावतील,” भिंतीला गाल टेकवून ती म्हणाली.