हात न लागलेली वाइन

मित्रांनो, बुडणं हेच ज्याचं काम, असा मी एक जुना काचेचा काटा आहे. दुधात पाणी किती हे पाहायला डेअरीत काटा बुडवतात ना, त्याचा मी भाऊ. फक्त माझा जन्म वाइनसाठी झाला. एका कारागिराने मला फुंकणीच्या टोकावर फुगवलं, पोटात शिशाचे छर्रे घातले, मानेत आकड्यांची कागदी पट्टी सरकवली आणि ज्योतीवर माझं तोंड कायमचं बंद केलं.

तेव्हापासून मला दोनच शब्द बोलता येतात: वर आणि खाली. द्राक्षाच्या रसात साखर असेपर्यंत तो जड असतो, आणि मी वर तरंगतो. यीस्ट साखर खाऊ लागलं की तिची दारू होते, वायू होतो, रस हलका पडतो आणि मी खाली जातो. ज्याला माझी भाषा येते त्याला हे दोन शब्द पुरतात. ज्याला येत नाही त्याच्यापुढे मी नुसती काच.

मी कार्मेल डोंगराच्या उतारावर फ्रोइमच्या तळघरात आलो. फ्रोइमची वाइन स्वस्त होती आणि त्याला त्याचा अभिमान होता. शुक्रवारी दुपारी त्याच्या दुकानात आसपासच्या गल्ल्यांतल्या बायका येत आणि फळीशी हेदवा त्यांना वाइन सुचवी. हेदवा रसायनशास्त्र शिकलेली होती. बोलणं कमी, पण जे बोले ते मोजून.

"रात्रभर शिजलेल्या हामिनबरोबर हलकी, आंबटसर लाल न्या," ती सांगे. "मांस, बटाटे, गहू, सगळं आधीच जड. त्यावर गोड वाइन ओतलीत तर जेवण उठूच देणार नाही."

"आणि तिखट मासळीबरोबर?" मसुदा विचारी. मसुदा म्हणजे वरच्या गल्लीतली, मोठ्या कुटुंबाची आणि त्याहून मोठ्या आवाजाची.

"किंचित गोड पांढरी. मिरची शांत होते."

"मग माझ्या सुनेसाठी दोन बाटल्या दे. तिला पण शांत करायचंय."

इतकं सगळं जाणणाऱ्या हेदवाला वाइनला हात लावायची मात्र परवानगी नव्हती. त्या ज्यू लोकांचा नियमच तसा. शनिवारी शब्बाथ असतो, म्हणजे काम आणि गाडी बंद ठेवायचा पवित्र दिवस; कच्च्या वाइनला तो न पाळणाऱ्याचा हात लागला की ती सोवळ्यातून जाते. कोणी धार्मिक माणूस ती पिणार नाही. बंबातून तापून निघाली की मग कोणाचाही हात लागला तरी चालतो. हेदवा शब्बाथच्या दिवशी गाडी चालवत हैफाला आजारी आईकडे जायची. गावाला ते ठाऊक होतं, तिनेही कधी लपवलं नाही. म्हणून तळघरात ती दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून उभी राही आणि तिचे हात बनून काम करत झखारियाकाका.

झखारियाकाका येमेनमधून आलेले, पांढऱ्या दाढीचे, शब्दाला पक्के. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस म्हणून गाव त्यांना ओळखी, आणि वाइन सोवळ्यातली असल्याचा फ्रोइमच्या बाटल्यांवर त्यांचाच शिक्का असे. ते मला नळकांड्यातल्या वाइनमध्ये सोडत आणि हेदवा वाकून पाही.

"फिरवा, काका."

"अगं पोरी, हा काटा आहे, भोवरा नव्हे."

"अंगाला बुडबुडे चिकटतात त्याच्या. ते त्याला उचलून धरतात. फिरवून झटका, मग खरं बोलेल."

काका हसत आणि दोन बोटांनी मला गरकन फिरवत. बुडबुडे सुटून वर जात, मी माझ्या जागी स्थिर होई, ती आकडा वाची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. एकाचे हात आणि एकीचे डोळे मिळून मला पूर्ण वाणी होती.

मग तो वसंत आला. पेसाहचा सण तोंडावर होता. सणाच्या पहिल्या रात्री प्रत्येक मोठ्या माणसाला वाइनचे चार पेले लागतात, त्यामुळे फ्रोइमची गोड लाल वाइन घराघरांत जायची. ती मुद्दाम गोड ठेवलेली असे. तिच्यात साखर उरलेली असते आणि थोडं यीस्टही. बंबात तापवली की यीस्ट मरतं आणि साखर जागच्या जागी राहते. त्या वर्षी बंबाची तांब्याची नळी फुटली. आणि त्याच सकाळी हैफाहून हेदवाची आई गेल्याचा निरोप आला.

"बंब दुरुस्त झाल्याशिवाय गोड वाइन भरू नका," जाताना तिने दारातून फ्रोइमला बजावलं.

"तू आईचं बघ. इथं मी आहे," फ्रोइम म्हणाला.

ती सात दिवसांच्या सुतकात बसली. बंबाचा कारागीर आला नाही. सण काही थांबणार नव्हता. फ्रोइमने दोन दिवस येरझाऱ्या घातल्या आणि मग एकदम त्याचा चेहरा उजळला.

"काका, यंदा न तापवलेलीच भरू! उलट लोकांना जास्त आवडेल. तापवलेली वाइन सगळेच विकतात. ही कच्ची, अस्सल, तुमच्याशिवाय कोणाचा हात न लागलेली."

झखारियाकाकांना यात नियमाविरुद्ध काही दिसलं नाही; आणि नियमाविरुद्ध काही नव्हतंही. वाइन पातळ काचेच्या बाटल्यांत भरली गेली. बुचं महाग, म्हणून फ्रोइमने पत्र्याची फिरकीची झाकणं आणली होती. बूच असतं तर ते वेळेवर उडालं असतं आणि सगळ्यांना कळलं असतं. पत्र्याचं झाकण काही बोलत नाही. ते धरून ठेवतं.

बाटल्या गावात गेल्या. आणि पूर्वेकडून वाळवंटाचा गरम वारा सुटला. आकाश पिवळं पडलं, कुत्री सावली शोधू लागली. यीस्टला असंच हवामान आवडतं.

काकांना अस्वस्थ वाटलं असावं. त्यांनी उरलेल्यातली एक बाटली उघडली. झाकण सुटताना फस्स झालं. त्यांनी वाइन नळकांड्यात ओतली, मला सोडलं आणि सवयीने मान वर करून पाहिलं. हेदवा नव्हती. मला वाचायचं काम कधी त्यांचं नव्हतंच. त्यांनी फ्रोइमला हाक मारली.

मित्रांनो, मी खाली जात होतो. वाइन हलकी झाली होती, साखर खाल्ली जात होती, त्या बाटलीत वायू कोंडत होता. हेच सांगायला मी जन्मलो. पण तोच वायू बुडबुड्यांचे मणी होऊन माझ्या अंगभर चिकटला आणि त्याने मला उचलून धरलं. फ्रोइम चष्मा कपाळावर सारून वाकला.

"भरताना होता तिथंच आहे. बघा, केसभरही फरक नाही."

"देवाची कृपा," काका म्हणाले. कोणी मला फिरवलं नाही.

हेदवा परतली ती सणाच्या आदल्या दिवशी सकाळी. तिने बंबाकडे पाहिलं, मग रिकाम्या टाकीकडे.

"कुठाय वाइन?"

"गेली!" फ्रोइम खुशीत होता. "पेटीच्या पेटी उचलली लोकांनी."

तिने फळीवरची बाटली घेतली, झाकण फिरवलं. पुन्हा फस्स झालं. मग तिने नळकांड्यात वाइन ओतली आणि मला स्वतःच्या हाताने उचललं.

"पोरी, हात!" काका ओरडले.

"ही बाटली गेली असं समजा, काका."

इतक्या वर्षांत तिची बोटं मला पहिल्यांदाच लागली. ती थंड होती. तिने मला सोडलं आणि गरकन फिरवलं. मणी सुटले. मी खाली गेलो, आणखी खाली गेलो, आणि जिथे थांबलो तो आकडा पाहून तिचा चेहरा उतरला.

"अजून आंबतेय. या वाऱ्यात आजउद्या बाटल्या फुटतील. काचेसकट. सगळ्या परत मागवा."

"वेडी झालीस?" फ्रोइमचा आवाज चिरकला. "उद्या सण! गावाला काय सांगू, माझी वाइन बाँब आहे? मी स्वतः पाहिला काटा, जागेवर होता. एकदा ही बोंब झाली की पुढच्या वर्षी कुत्रं येणार नाही दारात."

तिने मला पिशवीत टाकलं आणि ती वरच्या गल्लीकडे चालू लागली. झखारियाकाका तिच्या मागे गेले.

मसुदाच्या स्वयंपाकघरात चारी चुली पेटलेल्या होत्या. कोकराचं मांस शिजत होतं, खिडकीतून गरम वारा आत येत होता. चुलीला लागूनच फ्रोइमची पेटी होती आणि त्या पेटीवर बसून मसुदाची नात सणाच्या गोड चटणीसाठी अक्रोड फोडत होती. ठक. ठक. प्रत्येक ठोक्याला खालच्या बाटल्या किणकिणत होत्या.

"मसुदाबाई, ती पेटी आम्हाला परत द्या," हेदवा म्हणाली. "बाटल्या फुटणार आहेत."

मसुदाने डाव हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं. "आईचं ऐकलं. वाईट झालं, पोरी. बस, खा काहीतरी."

"बाटल्या—"

"बाटल्या फुटतात होय? माझा दीर वर्षानुवर्षं या घरात खातोय, तो फुटला नाही अजून! आणि वाइन परत दिली तर चार पेले कशाचे भरू? चहाचे? फ्रोइमला आणखी चढ्या भावाने विकायचीय वाटतं."

"आत वायू कोंडलाय. काच लांबवर उडेल. पोरीला आधी उठवा तिथून."

"ती बसलीय म्हणून तर अक्रोड होतायत. उद्या संध्याकाळी सण आहे, बाई. तुझं शास्त्र सणानंतर सांग."

ठक, ठक. हेदवाने त्या मुलीकडे पाहिलं, मग काकांकडे. पिशवीत तिचा हात माझ्याभोवती घट्ट झाला. मग ती अगदी सावकाश म्हणाली, "मसुदाबाई, त्या वाइनला माझा हात लागलाय."

डाव भांड्यात पडला.

"काय म्हणालीस?"

"कच्च्या वाइनला. माझा हात लागला."

मसुदा काकांकडे वळली. "काका, तुमचा शिक्का आहे बाटलीवर. तुम्ही सांगा. खरं आहे हे?"

काकांनी पेटीवरच्या मुलीकडे पाहिलं. 'हो' म्हटलं तर आयुष्यातलं पहिलं खोटं. 'नाही' म्हटलं तर ती मुलगी पेटीवर बसून राहणार. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"माझ्यासमोर," ते म्हणाले, "हिने वाइनला हात लावला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता; फक्त कोणत्या बाटलीला आणि कधी, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

"उठ गं! उठ तिथून!" मसुदाने नातीला दंडाला धरून ओढलं आणि पेटी स्वतः उचलून अंगणात नेली. "आधी नाही का सांगायचं? वायू म्हणे! हे सांगायला जीभ झडली होती?"

मग फार बोलावं लागलं नाही. काचेचं भय कोणाला पटलं नव्हतं. हाताचं भय वाऱ्याआधी गल्लीभर पोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उंबऱ्या-उंबऱ्यावर बाटल्या आल्या. काकांनी आणि हेदवाने त्या ओल्या गोणपाटांत गुंडाळून गावाबाहेरच्या दगडी कोठारात ठेवल्या आणि लाकडी दार लावून घेतलं. बायकांनी मनुका उकळून त्यांच्या पाण्यावर चार पेले भागवले.

सूर्य मावळला, घराघरांतून सणाची गाणी ऐकू येऊ लागली. हेदवाला बसायला यंदा कोणाचं घर नव्हतं. ती कोठारापासून दूर एका दगडावर बसली होती, मी तिच्या पिशवीत. पहिली बाटली फुटली. मग बराच वेळ काही नाही. मग एकीच्या धक्क्याने दुसरी, तिसरी, आणि मग मोजता येईना. गावातली गाणी थांबली.

सकाळी मसुदा एकटीच आली. दाराच्या फळ्यांत काचा आरपार घुसल्या होत्या. तिने एक काच ओढून पाहिली; ती निघेना. मग हेदवाजवळ गेली आणि तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

इतरांनी मात्र फ्रोइमचं ऐकलं. "बघितलंत? शब्बाथ न पाळणाऱ्याचा हात लागलेली वाइन! ती फुटणार नाही तर काय होईल?" झखारियाकाका दारोदार जाऊन खरी गोष्ट सांगत फिरले. लोक मान डोलावत आणि म्हणत, "पण काका, हात लागला हे तुम्हीच सांगितलंत ना?" काका आपलं तेच वाक्य परत ऐकत आणि पुढच्या दाराकडे वळत. सण संपल्यावर फ्रोइमने हेदवाला काढून टाकलं. काकांनी शिक्का त्याच्या फळीवर ठेवला आणि तेही गेले. हेदवाने जाताना मला परत केलं होतं; फ्रोइमने मला दुकानाच्या खणात टाकलं.

पुन्हा पेसाह आलाय. माझ्या खणावरच्या फळीवर पेट्या सरकवल्याचा आवाज येतोय. शिक्का मारायला दुसरा माणूस आहे. बंबाची नळी अजून फुटलेलीच आहे. फ्रोइमला तिची गरज वाटत नाही.

"तापवलेली आहे का?" आताच मसुदाचा आवाज आला.

"छे! कच्ची, अस्सल. आणि यंदा कोणाचाही हात लागलेला नाही, शपथेवर सांगतो!"

"मग मला नको," ती म्हणाली. "आणि तुम्हीही घेऊ नका गं बायांनो." कोणीतरी हसलं. रांग पुढे सरकली.

मित्रांनो, सकाळपासून खणाचं लाकूड कोरडं पडून चरचरतंय. पूर्वेकडून वारा सुटलाय. तुमच्यापैकी कोणी त्या दुकानात असेल तर हा खण उघडा. मला वाचता येणारी बाई हैफात राहते. तिला बोलवा, आणि या वेळी ती जे सांगेल ते ऐका.