फुगडीला शेवट पाहिजे

बानाबाईच्या नातीनं, रत्नमालानं, कॉम्प्युटरवरच्या एका तालाच्या खेळात आज्जीची फुगडी घालायची ठरवली. खेळ असा, की पडद्यावर वरून बाण पडतात अन् ठेका धरून बटणं दाबायची. बानाबाईनं पहिला सवाल टाकला, "मालक कोण ह्याचा?"

"कुणीच नाय, आज्जी. सगळ्यांना मोकळा. वाटंल त्यानं भर घालायची. बाकीचे तपासून घेतात अन् घालणाऱ्याचं नाव कायमचं लागतं."

"गायरान म्हण की! मग आपलं नाव लागलंच पायजे. आपण नाय घुसलो तर दुसरं कुणी घुसतंच."

झालं. बाईनं गच्चीवर एकटीनंच तोंडानं फू-फू करत ठेका दिला. पोरीनं तो मोबाइलात धरला, त्यावर बाण बसवले अन् पाठवला. चार दिवसांनी तपासणाऱ्याचं, पोलंडच्या कुणा बाप्याचं, उत्तर आलं. ठेका झकास, पण मधेच तुटतो. शेवट नसंल तर घेता येणार नाही. नवी आवृत्ती रविवारी निघणार होती.

"कधी फुगडी बघितली का त्या बाप्यानं?" बानाबाई कडाडली. "एकजण दमून बसल्याबिगर ती संपती व्हय? जोडीदारीण लागंल."

रत्नमालानंच हात धरले. अकराव्या गिरकीला पोरगी भोवळ येऊन पाण्याच्या टाकीला टेकली. मग नाइलाजानं बिडकीनहून धाकट्या जावेला, द्वारकाबाईला बोलवावं लागलं.

"येते की," द्वारकाबाई फोनवर म्हणाली, "पण जी उभी राहील तिचं नाव आधी."

बानाबाई हसली. लग्न होऊन आल्यापासून ती एकदाबी आधी बसली नव्हती. "कबूल! लिहून घे गं पोरी."

रविवारी सकाळी गच्चीवर दोघींनी पदर खोचले, हात गुंतवले. ठेका चढत गेला. बांगड्या वाजल्या, गुडघे वाजले, शेजारणी कठड्याला लटकल्या.

"बसा आता अक्का, तोंड काळंनिळं झालंय," द्वारकाबाई धापा टाकत म्हणाली.

"तुझं आधीपासूनच तसलं हाये!"

दोघींतली एकही बसंना. रत्नमालाचा जीव मात्र मोबाइलात. त्यात नात्यातल्या तीन लग्नांचे व्हिडिओ ठासून भरलेले. "आज्जी, जागा संपत आली! आत्ता तुटलं तर परत तेच!"

परत? एवढं फिरायची ताकद दोघींतही उरली नव्हती. फिरता फिरता बानाबाईनं जावेकडं बघितलं. ही बया मरंल, पण बसायची नाय. अन् कुणीच बसलं नाय तर नाव दोघींचंबी नाय. बाईनं दात खाल्ले, हात सोडले अन् फरशीवर बसकण मारली. "हाय! पायात गोळा आला गं!"

द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून सगळ्या गच्चीला दाखवत उभी राहिली. आधी तिचं नाव गेलं, खाली बानाबाईचं.

दुपारी निरोप आला. रत्नमालानं वाचला, "घेतलं. म्हणतात, शेवट लई खरा वाटतो. कुणी केला म्हणून इचारलंय."

द्वारकाबाईचा चहा बशीतच थांबला.

पायाला तेल चोळत बानाबाई म्हणाली, "सांग त्याला, बानाबाईनं. दुसरीला जमला नाय."