निरोगी म्हणून घेतलेलं रक्त

ताईचा मुलगा शाळेत जायच्या वयाचा झाला तरी बोलत नव्हता. सासूने त्याचं खापर केव्हाच ताईच्या माहेरावर फोडून ठेवलं होतं, आणि ताईच्या धाकट्या बहिणीने चारचौघांत छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे असलं काही नाही. धाकटी प्रयोगशाळेत प्रथिनांवर काम करायची, तेव्हा तिच्या शब्दाला वजन होतं. शिवाय तिला पाचवा महिना लागला होता. ते खरं असणं आता तिलाच जास्त हवं होतं.

तिचं काम सांगायला सोपं. पेशीच्या केंद्रकात जनुकं गुंडाळून ठेवलेली असतात. काही प्रथिनं टोळी करून तिथे बसतात आणि कुठलं जनुक उघडायचं, कुठलं मिटलेलं ठेवायचं ते ठरवतात. टोळीतला एक गडी आला नाही, की बाकीचे हातावर हात ठेवून बसतात. मग मेंदूला लागणारी जनुकं उघडतच नाहीत.

भाच्याच्या रक्तात तो गडी आहे का, हे तिने स्वतःच तपासायला घेतलं. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. तिथला रिवाजच होता, जो तपासणार त्यानेच आपला दंड पुढे करायचा. तू खरंच निरोगी आहेस का, हे कोण कुणाला विचारतो?

ते प्रथिन रक्तात असेल तर चाचणीत गडद पट्टी उमटते. भाच्याच्या रकान्यात ती उमटलीच नाही. तिच्या रकान्यात उमटली, पण फिकी. नमुना कमी घातला असेल, म्हणून तिने स्वतःलाच वेंधळी ठरवलं आणि पुन्हा केलं, या वेळी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचंही रक्त घेऊन. सहकाऱ्याची पट्टी ठसठशीत आली. तिची पुन्हा निम्मीच.

बाईचं निम्म्या प्रथिनावर भागतं, म्हणून हा दोष तिला फारसा जाणवत नाही. तिच्या मुलग्याकडे गेला तर त्याला पुरता भोवतो. हे तिला पाठच होतं. तिने हातमोजे काढले, टेबल पुसलं, डबा खाल्ला. रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. ताई ओट्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझ्याकडूनच गेलं."

"आपल्याला आईकडून आलंय, ताई. माझ्यातही आहे."

ताईची नजर तिच्या पोटावर गेली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताईचा चेहरा सैल पडला, सुटल्यासारखा. क्षणभरच. लगेच तिने धाकटीला जवळ ओढलं आणि हमसून रडायला लागली.

धाकटीने तो चेहरा पाहिला होता. तिला रागसुद्धा आला नाही. ती ताईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.