थोरलीला बोलव

पाळकांनी खोलीची कडी आतून लावली, खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि चौघांनी गुडघे टेकले. प्रार्थनामंदिरामागची ही खोली एरवी गायनमंडळाचे झगे आणि फाटकी गीतपुस्तकं ठेवायच्या कामाची. बाहेर लख्ख दुपार होती. आत डांबरगोळ्यांचा वास होता.

बाधा झालेल्या माणसाच्या घरी प्रार्थनेला जायचं तर आधी मोकळं व्हायचं, ही या मंडळीची जुनी शिस्त. उपास सगळ्यांनीच धरलेला असे. पण नुसत्या रिकाम्या पोटाने भागत नाही, असं पाळक म्हणत. जे दडवून आत न्याल, तेच तो वैरी हातात धरील. म्हणून एकेकाने बाकीच्यांच्या देखत मनातलं बोलून टाकायचं आणि मगच निघायचं.

आता ही नुसती बोलायची गोष्ट राहिली नव्हती. चार दिवसांपूर्वी मंडळीतल्या दोघी बायका बेकरीवालीच्या घरी जाऊन आल्या होत्या. बेकरीवालीची मुलगी शाळेत गणित शिकवायची. आज अकरावा दिवस होता, ती धड झोपली नव्हती की जेवली नव्हती, आणि तिच्या तोंडून मधूनच एक जाड, ओलसर आवाज निघे. त्या आवाजाने दोघींतल्या एकीला, तिने सुनेची पत्रं कुठे लपवलीत ते, कपाटाच्या खणासकट सांगितलं होतं. पत्रं निघालीही तिथेच. ती बाई अजून घराबाहेर पडली नव्हती.

पहिल्यांदा ड्रायव्हरकाका बोलले. आयुष्यभर बस हाकलेले, मंडळीतले सर्वांत जुने वडीलधारे. शेजाऱ्याचा कुत्रा मरावा असं आपल्याला आठवड्यातून दोनदा तरी वाटतं, असं त्यांनी सांगितलं. आणि तो मरत नाही म्हणून देवावरही थोडी नाराजी आहे. पाळक हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.

उरलेल्या दोघी जावा-जावा, त्यांतली मोठी मग बोलली. घरात तिला सगळे थोरलीच म्हणत, आणि मंडळीतही तेच रुळलं होतं. भजनाला पहिला सूर तिचा.

"मला आईंचा राग येतो," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाचा राग धरू नये, कळतं मला. पण शेवटच्या दिवशी त्यांनी माझी आठवणसुद्धा काढली नाही. दोन वर्षं झाली. जात नाही तो राग."

शेजारी टेकलेल्या धाकट्या जावेने, धाकटीने, डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी सासूबाईंच्या उशाशी धाकटी बसली होती. सासूबाईंनी थोरलीला बोलव म्हटलं होतं. वर्षभर ज्यांची अंथरुणं धुतली, ज्यांना घास भरवला, त्यांनी शेवटी हाक मारावी ती महिन्यातून दोनदा येऊन जाणाऱ्या थोरलीला! धाकटीच्या जिवाला ते झोंबलं. निरोप पाठवते म्हणाली आणि पाठवला नाही. दिवेलागणीला सासूबाई गेल्या. धावत आलेल्या थोरलीने दारातच विचारलं होतं, माझं नाव घेतलं का गं? धाकटी म्हणाली होती, नाही हो ताई, झोपूनच होत्या दिवसभर.

"तुमचं?" पाळकांनी हळूच विचारलं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करी. तिने सांगितलं, की एका गिऱ्हाइकाला काच तयार आहे म्हणून थाप मारली, ती तयार नव्हती. सांगताना तिचा आवाज खरोखर भरून आला. पाळकांनी तिच्याही नावाने क्षमा मागितली, आणि चौघं उठले. लहान पाप पुढे करून मोठं मागे ठेवलं, हे तिला कळत होतं.

बेकरीवालीने दार उघडलं ते साखळी न काढता. फटीतून चौघांचे चेहरे नीट पाहिले, मग साखळी काढली. तिच्या मनगटांवर ओरखडे होते. आतल्या खोलीत मुलगी कपाट आणि भिंत यांच्या सांदीत उकिडवी बसली होती. नखांनी भिंतीचा रंग खरवडत होती. खालच्या भट्टीची ऊब त्या मजल्यावर कायम असे. तरी धाकटीच्या पोटऱ्यांना गारवा झोंबला.

पाळकांनी पवित्र शास्त्र उघडून वाचायला सुरुवात केली. खरवडणं थांबलं.

"आवाज कापतोय तुझा," मुलगी म्हणाली. आवाज मुलीचा नव्हता.

"कापतोय," पाळक म्हणाले, आणि वाचत राहिले.

तिची नजर ड्रायव्हरकाकांवरून पाटी पुसावी तशी सरकली आणि थोरलीवर थांबली. थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला होता. धाकटीला वाटलं, आता आपल्या नाडीचे ठोके त्या हाताला कळतील.

"हिला माहीत नाही," तो आवाज म्हणाला. मग मान हळूहळू धाकटीकडे वळली. "सांगू?"

पाळकांचं बोट ओळीवर थबकलं. थोरलीने आधी मुलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. मुलीने ओठ उघडले. आत जीभ हलताना दिसली.

"मी सांगते," धाकटी म्हणाली. तिचे गुडघे आपोआप टेकले. "ताई, आईंनी तुमचं नाव घेतलं होतं. एकदा म्हणाल्या, थोरलीला बोलव. मी बोलावलं नाही. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

थोरलीने हात सोडवून घेतला. झटका दिला नाही. सुईतून दोरा ओढून घ्यावा तसा घेतला.

मुलीचे ओठ उघडेच राहिले. बराच वेळ. मग मिटले. खरवडायला उचललेला हात तिने मांडीवर ठेवला, आणि तो परक्याचा असावा तसा ती त्याच्याकडे पाहत बसली.

अशा वेळी गीत थोरली उचलत असे. ती गप्प होती. शेवटी ड्रायव्हरकाकांनीच सुरू केलं, पार बेसूर. दुसऱ्या ओळीला पाळक मिळाले, तिसरीला मुलीची आई. कुणाचाच सूर कुणाला धरून नव्हता, पण कुणी थांबलं नाही. गीत संपलं तेव्हा मुलीचं डोकं आईच्या मांडीवर होतं, आणि तिने स्वतःच्या बारीक आवाजात पाणी मागितलं. आई तोंडात पदराचा बोळा कोंबून रडायला लागली. पाळकांनी आभार मानले. उद्या याच वेळी पुन्हा येऊ, लढाई एका दिवसाची नसते, असं ते म्हणाले.

पाणी पितानाही मुलीची नजर होती ती धाकटीवरच. पेल्याच्या कडेवरून, पापणी न हलवता. बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

पाळक आणि काका पुढे उतरून गेले. जिन्याच्या वळणावर थोरली थांबली. खालून भाजल्या पावाचा वास येत होता, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी उगाच वाजवत होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"एकदाच?" तिने विचारलं.

इथे तो आवाज नव्हता. पाळक नव्हते, काका नव्हते. हो म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं, आणि एकदाच्या हाकेवर थोरलीने कधीतरी स्वतःची समजूत घालूनही घेतली असती. वरच्या खोलीत वाटली नव्हती एवढी भीती धाकटीला त्या उजेडाच्या जिन्यात वाटली. तिने मनातल्या मनात प्रभूचं नाव घेतलं. ते घेतानाही जीभ जड झाली.

"नाही," ती म्हणाली. "जेवणाच्या वेळेला पहिल्यांदा. मग चार वाजेपर्यंत सारखंच. शेवटी शेवटी बोलव वगैरे काही नाही, नुसतं 'थोरले, थोरले'. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. ऐकू येऊ नये म्हणून."

थोरली पायरीवर बसली. तिने चपलेतून पाय काढले, पुन्हा घातले. धाकटी वरच्याच पायरीवर उभी राहिली. खाली जायचा तिला धीर होईना, नि वर जायला जागा नव्हती.

"मी घरीच होते गं त्या दिवशी," थोरली म्हणाली. "गच्चीवर गाद्या घातल्या होत्या उन्हाला. त्या गाद्यांजवळच बसले होते. दिवसभर काही कामच नव्हतं मला."