नाही म्हणायचं

बाप्पा, थकली मी. सहा दिवसांपासून पोरीचा ताप उतरून नाही राहिला आणि हा तिसरा दवाखाना. पहिल्यानं मलेरियाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यानं पोट दाबून अपेंडिक्स म्हणलं अन् नागपुरात, धंतोलीतल्या या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

उन्नती माझी, आठ वर्षांची. डोळे लाल, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ. पोट धरून नुसती पडून होती.

लेकरांच्या डॉक्टर भैरवी मॅडमनं विचारलं, "महिन्या-दीड महिन्यात घरात कोणाला कोरोना?"

"नाही," मामाजी, म्हणजे माझे सासरे, लगेच म्हणाले. मी मान खाली घातली.

कशी सांगू? जितेंद्र तिथंच उभा होता. माझ्या नणदेचं, मिनलचं, त्याच्या भावाशी लग्न ठरून महिन्याआधीच साक्षगंध झालं. त्या आठवड्यात घरात सगळ्यायले ताप होता. मामाजीले तर भाजीची चव लागत नव्हती. पण पाहुण्यायले कळलं तर सोयरीक मोडीन, म्हणून तपासणीले कोणी गेलंच नाही. आज तोच जितेंद्र नंदनवन वस्तीतल्या घरून गाडी घेऊन धावत आला, बसस्टँडवरून आम्हाले इथं आणलं. त्याच्यासमोर तोंड उघडायचं?

मॅडम म्हणाल्या, "हे पाहा, सर्जन तयार आहेत. अपेंडिक्स असेल तर आजच पोट उघडावं लागेल. पण कोरोना होऊन गेला असेल तर गोष्ट वेगळी. विषाणू निघून जातो, पण त्याच्याशी लढणाऱ्या पेशी काही लेकरांत शांतच होत नाहीत. आपल्याच हृदयावर, आतड्यांवर उठतात. मग चाकू नको, त्यांना आवरणारं औषध लागतं. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल. हिचं बीपी उतरत चाललंय, उद्यापर्यंत थांबता येणार नाही."

"नाही म्हणलं ना, मॅडम!" मामाजी खेकसले.

मॅडमही आमच्यासारख्याच थकल्या होत्या. वाद न घालता त्या उन्नतीजवळ वाकल्या. "बेटा, मागे कधी ताप आला होता तुला?"

पोरीनं आधी माझ्याकडं पाहिलं. मग फुटक्या ओठानं म्हणाली, "नाही."

अवं माय! मीच शिकवलं होतं तिले, साक्षगंधाच्या सकाळी वेणी घालताना. कोणी विचारलं तर नाही म्हणायचं.

"झाला होता!" मी ओरडली. "सगळ्यायले झाला होता, तिलेही. साक्षगंधाच्या चार दिवस आधी. आम्ही लपवलं, मॅडम."

जितेंद्रनं माझ्याकडं पाहिलं अन् तोंड फिरवलं. मोडते तर मोडो सोयरीक, मले त्या वेळी काहीच वाटलं नाही. मॅडमनं तिथूनच फोन करून ऑपरेशन थांबवलं.

औषधाची बाटली टांगून नर्स गेली. उन्नतीनं माझं बोट धरलं.

"आई, आता सांगितलं तर चालते काय वं?"