शेख दियाबांची गाणी दारातच अडकली

या, जरा जवळ सरका. शेख दियाबांच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगतो.

दियाब आमच्या केना शहरात रसूलाची, म्हणजे पैगंबरांची, स्तुती गायचे, मधेच प्रवचन, पुन्हा पद. पंचवीस वर्षं मी त्यांच्यामागे धृपद धरलं. ते गेले. चाळिसाव्या दिवशी, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजानंतर, सगळी आळी त्यांचा आवाज ऐकायला येणार होती, आणि रेकॉर्डिंगं होती फक्त त्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर. ऐनवेळी अडू नये म्हणून आदल्या दिवशी मीच ते अपग्रेड केलं. सकाळी लावलं, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली नि तिथंच थिजली.

शेखांच्या बायको, रईफावहिनी, त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. तेच मला लागलं.

शेवटी मोबाईल दुरुस्त करणाऱ्या नग्वाला बोलावलं.

"मामा, हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"सैतानानं."

"त्याच्यावर ढकलू नका. पासवर्ड तुम्हाला ठाऊक होता, त्याला नव्हे."

तिनं मशीन सुरू होतानाच एक कळ दाबून धरली. यादी आली: वर नवा कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्राम, खाली जुना. तिनं जुना निवडला आणि मशीन मुकाट उठलं. आत डोकावून ती हसायलाच लागली.

"काकू, मशीनला जागं व्हायला एक इवलीशी जागा राखलेली असते. शेखसाहेबांनी तिथंच गाणी ठासलीत. नवा कर्नल अर्धाच उतरला बिचारा."

"दारावर कुराणाची आयत लावतात ना, तसं," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, यंत्राचाही दिवस अल्लाच्या नावानं उजाडू दे."

"उजाडू दे की. पण दारातच एवढी मंडळी बसल्यावर पाहुणा शिरणार कुठून?"

तिनं गाणी आतल्या खोलीत हलवली, नवा कर्नल पुन्हा नीट बसवला, दोनदा बंद-चालू करून पाहिलं. वहिनींनी तिच्यापुढे चहा ठेवला.

"नव्याच्या पाठीशी जुना ठेवायचं कुणाला सुचलं गं?"

"नाव नाही माहीत, काकू. कुठं कुठं बसून लोक हे लिहितात, आणि वाटून टाकतात."

असरनंतर दियाबांचा आवाज आळीभर घुमला. गेलेल्यांसाठीची फातिहा म्हणताना वहिनींनी नवऱ्याच्या नावापाठोपाठ म्हटलं, "आणि ज्यानं जुना ठेवला, त्यालाही."

तुम्हीही आज दुआसाठी हात उचलाल तेव्हा त्या बिननावाच्या माणसाची आठवण ठेवा.