पोफळखोलचे वजन

"बाय, तिसऱ्या फेराक रगत काढतंस. चुकता कोण, मशीन काय मी?"

सगुणने बाही वर केलीच होती. कुरकुर आपली रीत म्हणून. म्हापशाच्या इस्पितळात रक्त तपासणारी गौरवी हसली. बोटाला टोचून पाहिले की साखर अडीचशे, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे यंत्र मात्र इतका खालचा आकडा दाखवी की हा माणूस जिवंत कसा, असे वाटावे. दोष यंत्राचा नसणार, सगुणमामांच्या हिमोग्लोबिनमध्येच काही वेगळे असणार, म्हणून नमुना मुंबईला पाठवते, असे तिने सांगितले. खरे तर सगुणला सुईचे काहीच नव्हते. बायको शेवंती गेल्याला सहा वर्षे झाली होती. तेव्हापासून त्याचा हात हातात घेणारी ही एकच पोरगी. तिने रोज टोचले असते तरी तो डिचोलीहून पहिली बस पकडून आला असता.

दीड महिन्याने उत्तर आले. मुंबईच्या यंत्राने रक्तातल्या रेणूंचे वजन केले होते. नेहमीच्या तपासणीत विजेच्या प्रवाहात रेणू पळवतात. तिथे हा वेगळा रेणू चांगल्या रेणूच्या बरोबरीनेच पळतो आणि निसटतो, वजनात मात्र सापडतो. एवढे सांगून गौरवी अडखळली. पण सगुणला सगळे लख्ख कळले होते. तीस वर्षे तो खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होता.

"म्हणजे ट्रक भायल्यान सारकेच," तो म्हणाला. "काट्यार घातल्यार कळता, एकात माल जास्त आसा."

तसेच, ती म्हणाली. घाबरायचे कारण नाही, हा रोग नव्हे. पण असा प्रकार जगात अजून कुणाच्या रक्तात सापडलेला नाही.

मग तिने मुंबईचा अर्ज पुढे ओढला. भाऊबंदांचे रक्त हवे होते. आईबाप कधीच गेले, भाऊ शांताराम गेला, मूलबाळ नाही. तिने रकान्यांतून रेघा मारल्या आणि सगुण त्या रेघांकडे बघत राहिला. शेवटी मूळ गाव. नवा प्रकार सापडला की त्याला माणसाच्या गावाचे नाव देतात, असे बोलता बोलता तिने डिचोली लिहूनही टाकले. केसपेपरवर तेच होते, सगुणनेच सांगितलेले.

"डिचोली नको, बाय. पोफळखोल घाल."

तिने हे नाव ऐकले नव्हते. ऐकणार कुठून? बारा घरांचा वाडा, एक झर, पोफळीची बाग. खाण सरकत आली तशी माणसे उठून जिकडेतिकडे झाली आणि पाठोपाठ ट्रक सुरू झाले.

"माझ्या घराची माती मीच जोखलंय," सगुण म्हणाला. "सगळे ट्रक माझ्याच काट्यावरसून गेले. मागीर कोणी गाव विचारलो की मी डिचोली सांगी. पोफळखोल म्हटल्यार लोक 'खंय' म्हणान विचारतले. माका ता सांगाक जमना नाय."

त्याला लाज वाटत आली होती, इतकी वर्षे. शेवंतीलाही त्याने हे कधी बोलून दाखवले नव्हते. गौरवीने डिचोली खोडले.

आठवड्याभरात मुंबईने कळवले, नकाशात असे गाव नाही, डिचोलीच घालतो. गाव उठले तेव्हा मान खाली घालून आकडे मांडणारा हा माणूस साठीनंतर पहिल्यांदा भांडायला निघाला. मामलेदार कचेरीत चार खेपा घालून, तिथल्या शिपायाशी हुज्जत घालून त्याने जुन्या सर्व्हे नकाशाची प्रत मिळवली. ती पाठवली असे गौरवीने दोनदा सांगेपर्यंत तो इस्पितळाच्या बाकावरून हलला नाही.

चतुर्थीनंतर पत्र आले. हिमोग्लोबिन पोफळखोल. गौरवीने ते इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून वाचून दाखवले. सगुणने परत वाचायला सांगितले आणि मग विचारले, हे रक्त असलेली माणसे आता किती?

"तुमी एकलेच, मामा," ती हळूच म्हणाली.

त्याने पत्राची घडी करून खिशात घातली. घरी दाखवायला कुणी नव्हते, म्हणून तो थोडा वेळ तिथेच बसला आणि नंतर स्टँडवर आला. बस सुटली, कंडक्टर जवळ आला.

"खंय?"

"पोफळखोल."

"असो स्टॉप नाय."

"पूर्वी आसलो," सगुण म्हणाला, आणि त्याने डिचोलीचे तिकीट घेतले.